आधी गोष्टीचं क्रियापद, मग खोका

प्रभूच्या नावात सलाम, ताई.

तुम्ही विचारलंत ते थोडक्यात असं: संडे स्कूलला २२ मुलं, वय चार ते दहा, सगळी एकाच खोलीत. काही शेजारच्या वस्तीतली, ख्रिस्ती नसलेल्या घरांतली. मे महिन्यात सुट्टीतली बायबल शाळा आहे. तयार मिळणाऱ्या कथापेट्या (बायबलची गोष्ट वस्तू हाताळत सांगायच्या पेट्या) परदेशी आणि महाग, त्यातली माणसं सगळी गोरीगोमटी. हातात दीड हजार रुपये. मुलं वस्तू दिसली की तुटून पडतात. पेट्या घरी बनवायच्या तर सुरुवात कुठून करायची, आणि नोहाच्या तारवासाठी लहान लहान प्राणी कुठे मिळतील?

प्राण्यांचं राहू द्या सध्या. का, ते पुढे सांगते.

मी सत्तावीस वर्षं नगरकडच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, आणि आता पुण्यात मुलांचे वर्ग घेते. पहिली काही वर्षं सगळे करतात तेच मीही केलं, म्हणजे देखावे. एकदा यरुशलेमचं मंदिर थर्माकोलचं केलं. तीन आठवडे रात्री जागून, खांबांना सोनेरी कागद वगैरे. मुलांनी ते दोन मिनिटं पाहिलं. तिसऱ्या मिनिटाला एकाने खांब उपटला आणि पुढचा महिनाभर मी फक्त "हात लावू नका" एवढंच शिकवलं. त्या सगळ्या खटाटोपात हात फक्त माझे चालले होते.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. गोष्ट निवडली की त्यात कोण कोण आहे, काय काय आहे याची यादी करायची नाही. त्या गोष्टीत हाताने करण्यासारखं काय घडतं ते शोधायचं. हरवलेल्या मेंढराच्या दाखल्यात मोजणं आणि शोधणं. जक्कयाच्या गोष्टीत चढणं-उतरणं. पाच भाकरींच्या गोष्टीत वाटणं. गोष्टीचं क्रियापद सापडलं की पेटीत काय हवं ते आपोआप ठरतं आणि तीन-चार वस्तूंत काम भागतं. क्रियापद सापडलं नाही तर ती गोष्ट तोंडी सांगावी, पेटी करू नये.

पहिली पेटी म्हणून पक्षाघाती मनुष्याची करा (मार्क, अध्याय २). चार जण एका लुळ्या माणसाला बाजेवर घालून आणतात, पण गर्दीमुळे आत जाता येत नाही, म्हणून छत उकरून त्याला येशूसमोर उतरवतात. क्रियापद: छतातून खाली सोडणं.

चपलांचा खोका घ्या. झाकणाला मधोमध साधारण १० बाय ७ सेंटीमीटरचं भोक पाडा. झाकणावर फेविकॉल फासून गव्हाच्या काड्या किंवा वाळलेलं गवत दाबा, वर मातीचा पातळ थर द्या. भोकावर मात्र माती चिकटवायची नाही. काड्या आडव्या टाकून वर नुसती कोरडी माती भुरभुरायची, म्हणजे दर वेळी ती मुलांना उकरता येते. आइस्क्रीमच्या चार काड्या आणि सुतळी यांची बाज विणा, भोकापेक्षा किंचित लहान, ८ बाय ५ सेंटीमीटर. चारही कोपऱ्यांना वीतभर दोरी. बाजेवर कापडाची एक छोटी गुंडाळी, तोच आजारी माणूस. खोक्याच्या आत येशू आणि दोन-तीन माणसं. संपली पेटी.

आता चार मुलांच्या हाती चार दोऱ्या द्या आणि गप्प बसा. पहिल्या खेपेला हमखास कोणीतरी घाई करतं, बाज कलते आणि आजारी माणूस येशूच्या डोक्यावर पडतो. सगळे हसतात. दुसऱ्या खेपेला ती चौघं एकमेकांच्या हातांकडे बघायला लागतात. कोणी न सांगता "हळू… तू थांब… आता तू सोड" असं सुरू होतं. "त्यांचा विश्वास पाहून" हे शब्द मी त्यानंतर वाचते. कुणाचा विश्वास, हे वेगळं समजावून सांगायची वेळ माझ्यावर क्वचितच आली.

या गोष्टीत आपल्याकडच्या मुलांसाठी एक गंमत आहे. नगर, सोलापूर, मराठवाड्याकडच्या जुन्या गावातल्या मुलांना माळवद माहीत असतं, म्हणजे लाकडं, त्यावर काटक्या, वर मातीचा थर. मार्क छत उकरल्याचं सांगतो ते त्यांना लगेच पटतं. मुंबईचं मूल विचारतं, "स्लॅब कसा फोडला?" आणि लूक (अध्याय ५) हीच गोष्ट सांगताना कौलांचा उल्लेख करतो, म्हणून वसईकडे किंवा कोकणात वर्ग असेल तर मी झाकणावर पुठ्ठ्याची कौलं मांडते आणि लूकमधून वाचते. मुलांना एकेक कौल काढून बाजूला रचायला फार आवडतं. खरं तर उकरण्यापेक्षा जास्तच.

दुसरी पेटी हरवलेल्या मेंढराची. इथे बहुतेक शिक्षिका कापसाची दहा मेंढरं करतात आणि "शंभर होती असं समजा" म्हणतात. समजा कशाला? १०० चिंचोके घ्या. एक पैसा खर्च नाही. धुऊन, वाळवून डब्यात भरा. वर्गाआधी त्यातला एक काढून खोलीत कुठेतरी ठेवा, खिडकीच्या कट्ट्यावर, बाकाखाली, पेटीच्या म्हणजे हार्मोनियमच्या पाठीमागे. मुलांना म्हणायचं, मेंढपाळ संध्याकाळी वाड्यात मेंढरं मोजतोय, चला मोजू. मोठी मुलं दहा-दहाच्या रांगा लावतात, लहान त्यांत लुडबुड करतात, दोनदा चुकतं, तिसऱ्यांदा ९९ भरतात. यात आठ-दहा मिनिटं जातात आणि ती जाऊ द्यायची. "नव्व्याण्णव आहेत ना, मग पुरे" असं म्हणणारं एक तरी मूल निघतंच. त्याला रागवू नका. त्याच्या त्या वाक्यावरच सगळा दाखला उभा आहे. मग शोध. सापडलेला चिंचोका घेऊन मूल धावत येतं तेव्हा खोलीत जो आरडाओरडा होतो, तो लूकच्या पंधराव्या अध्यायातला आनंद समजा. खालच्या मजल्यावरचे लोक तक्रार करतात, ते वेगळं.

त्याच अध्यायातल्या हरवलेल्या नाण्याला तर पेटीसुद्धा लागत नाही. एक रुपयाची १० नाणी, केरसुणी आणि दिवा. पडदे ओढून अंधार करा. फक्त एक सांगते, दिव्यासाठी बॅटरीवरची पणती आणणार असाल तर तिची बॅटरीची झडप स्क्रूने बंद होणारी आहे ना ते बघा. आत बटणासारखी चपटी बॅटरी असते. मुलाने गिळली तर घशात, अन्ननलिकेत दोन तासांतसुद्धा भाजल्यासारखी जखम करते. तशी शंका आली तरी थेट दवाखाना गाठायचा, वाट बघायची नाही. लोहचुंबकाच्या गोळ्यांचंही तेच. वर्गात तीन वर्षांखालचं भावंड सोबत येत असेल (आपल्याकडे येतंच) तर चिंचोके, मणी, गोट्या हे सगळं त्या दिवशी कपाटात. त्या दिवशी बाजेची पेटी काढायची.

पेरणाऱ्याच्या दाखल्यात मी एकदा चांगलीच फसले. राहुरीकडचा एक शेतकऱ्याचा मुलगा, वय आठ असेल, गोष्ट संपल्यावर म्हणाला, "बाई, तो माणूस अडाणीच होता. वाटेवर कशाला बी टाकलं? पाभर नव्हती का?" वर्ग हसला, पण त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे ज्वारी-बाजरी पाभरीने पेरतात, चाड्यावर मूठ धरली की बी नळीतून सरळ तासात पडतं, वाटेवर जायचा प्रश्नच नाही. पॅलेस्टाइनात तेव्हा बी मुठीने फोकून पेरायचे. काही अभ्यासकांच्या मते तिथे आधी बी टाकून मग वरून नांगर फिरवायचे. हे कळल्याशिवाय दाखला शेतकऱ्याच्या पोराला मूर्खपणाचा वाटतो. आता मी चार ताटल्या अगदी एकमेकींना चिकटवून ठेवते. एकीत पायाने तुडवून घट्ट केलेली माती, दुसरीत फरशीच्या तुकड्यावर बोटभर माती, तिसरीत काटेरी झुडपाच्या दोन फांद्या (बाभळीचे काटे नकोत, फार लागतात), चौथीत काळी भुसभुशीत माती. प्रत्येक मूल मेथीची चिमूट हात लांब करून फोकतं. कितीही नेम धरा, बी चारही ताटल्यांत जातं. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, त्यामुळे पुढच्या रविवारी ताटल्या पुन्हा मांडता येतात. फरशीवरची मेथी मेच्या उन्हात तोवर मान टाकून बसलेली असते. त्या मुलाने नंतर विचारलं होतं की शंभरपट म्हणजे एकरी किती पोती. त्याचं उत्तर मला आलं नाही.

जक्कय म्हणजे येशूला बघायला झाडावर चढलेला बुटका माणूस. त्याच्यासाठी उंबराची दुबेळकी असलेली वाळकी फांदी शोधा. आपल्या मराठी बायबलात तो उंबराच्या झाडावर चढतो. यरीहोचं ते झाड आणि आपला उंबर एकाच कुळातले, दोघांनाही फळं खोडाला आणि जाड फांद्यांनाच लगडतात. भाषांतर करणाऱ्यांनी छान नेमकं झाड निवडलं. फांदी प्लास्टिकच्या पेल्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून उभी करायची. फक्त एक, फांदी पडलेली उचला. औदुंबर शेजाऱ्यांना पूज्य असतो, दत्ताच्या पाराजवळचा तोडू नका. वस्तीतली मुलं तुमच्याकडे येतात, त्यांच्या आयांना तेवढी जाण दिसायला हवी.

आणि गल्याथ, दावीदाने गोफणीने पाडलेला धिप्पाड योद्धा. याची पेटी नाही, दोरी आहे. पहिल्या शमुवेलच्या सतराव्या अध्यायात त्याची उंची सहा हात एक वीत दिली आहे. हात आणि वीत, दोन्ही मापं मुलांच्या अंगावरच आहेत. एका मोठ्या माणसाचा हात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, धरून सुतळी मोजायला लावा आणि ती भिंतीला लावा. जवळजवळ साडेनऊ फूट भरते, खुर्चीवर चढावं लागतं. मग सगळ्यात लहान मुलाला त्या दोरीशेजारी उभं करा. यानंतर गोफण काढायचा मोह होईल. गोफण दाखवा, दगड मात्र कागदाचे बोळे. एका वर्षी मी खरे पाच गोटे ठेवले होते आणि चर्चच्या खिडकीच्या काचेचे पैसे माझ्या पाकिटातून गेले.

आता तारू. सगळ्यांना तेच आधी करायचं असतं, कारण प्राणी गोड दिसतात. पण दोन-दोन प्राणी हातात आले की मुलं प्राण्यांशी खेळतात आणि गोष्ट बुडते. दुसरं कारण मला उशिरा कळलं. २०१९च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला, त्यानंतर काही महिन्यांनी मी तिकडच्या एका मंडळीत गेले होते. हौसेने तारवाची पेटी नेली. निळी चादर पसरून "पाणी वाढू लागलं" म्हणाले आणि समोरची एक मुलगी उठून बाहेर गेली. तिचं घर पाण्यात होतं, म्हशीसकट. तेव्हापासून मी ती गोष्ट मोठ्या मुलांना सांगते, इंद्रधनुष्याच्या बाजूने, आणि वस्तू काही वापरत नाही. तुमच्या वर्गात अशी मुलं नसतीलही. तरी सुरुवात तिथून नको.

वधस्तंभाच्या गोष्टीतही मुलांच्या हाती काही देत नाही. हातोडी-खिळ्यांचं किट मी पाहिलेलं आहे, मुलांना ठोकायला लावतात. मला ते सहन होत नाही. तिथे मी एक पांढरं कापड आणि एक वाटोळा धोंडा ठेवते. गुड फ्रायडेला कापड घडी करून धोंड्याखाली, आणि ईस्टरच्या रविवारी मुलं आत येतात तेव्हा धोंडा बाजूला, कापड मोकळं. बोलायचं फार थोडं.

नाताळच्या गव्हाणीविषयी तुम्ही विचारलं नाहीत, पण डिसेंबर येईलच. वसईत, गोव्यात घरोघर गोठा असतो, त्यामुळे वेगळी पेटी कशाला? असलेलाच वापरा, फक्त सगळी माणसं पहिल्या दिवशी उभी करू नका. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी गोठा रिकामा. पूर्वेकडून बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी लोक खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, दर रविवारी एका मुलाने त्यांना थोडं पुढे न्यायचं आणि ६ जानेवारीला ते पोचायचे. गोव्यात त्या दिवशी तीन राजांचा सण असतोच. ते किती जण होते हे मत्तय सांगत नाही. मी एकदा चार ठेवले होते, त्यावरून चांगलीच चर्चा झाली.

माणसं कशाची करायची ते सांगते, कारण दीड हजारातले पैसे इथेच खर्च होतील. जुनी मोडकी लाटणी गोळा करा. सुताराकडून किंवा घरच्या करवतीने ६ सेंटीमीटरचे तुकडे मोठ्या माणसांसाठी, ४ सेंटीमीटरचे मुलांसाठी. कातारी, म्हणजे लाकूड कातणारा, ओळखीचा असेल तर वरचं टोक गोल करून देतो. पॉलिश पेपर आधी १२० नंबरचा, मग २२०चा. रंगासाठी पानाचा कात गरम पाण्यात विरघळवून त्यात तुकडे बुडवा, कमीजास्त वेळ ठेवलं की सावळ्याच्या चार छटा मिळतात. पूर्ण वाळल्यावर जवसाच्या तेलाचा हात. खोबरेल नको, ते सुकत नाही, मुंग्या लागतात. जवसाच्या तेलाचा बोळा मात्र चुरगळून कचऱ्यात टाकू नका, उघड्यावर पसरून वाळवा, चुरगळलेला बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो. कमरेला कापडाची पट्टी, खणाची, धोतराच्या काठाची, जी मिळेल ती. येशूची पट्टी सगळ्या पेट्यांत एकाच रंगाची ठेवा. माझी मातकट आहे. नव्या पेटीतही मुलं त्याला लगेच ओळखतात.

डोळे-नाक-तोंड काढू नका. हसरा चेहरा काढला की तो माणूस मरणाच्या दारातही हसतच राहतो. कोऱ्या चेहऱ्यावर मूल त्या त्या वेळचा भाव स्वतः बघतं. शिवाय गोऱ्या येशूचा प्रश्नही तिथेच मिटतो. मोठ्या मुलांनी विचारलंच की तो कसा दिसायचा, तर चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं दाखवा. मूळ गोव्याचे, जन्म १९०२चा, पुण्यात ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी साडीतली मरिया आणि आपल्या मातीतली माणसं रंगवली. १९६७ साली ते पुण्यातच वारले. आमच्या वर्गात त्या चित्रांवर पहिलं वाक्य आलं ते "ही तर माझ्या आजीसारखी बसलीय."

मिठाच्या पिठाचा मोह होईल, दोन वाट्या मैदा, वाटी मीठ, वाटीभर पाणी. करायला सोपं आहे, खरं आहे. मीही पाच भाकरी आणि दोन मासे त्याचेच केले होते, सुरेख झाले होते. जूनमध्ये त्यांना पाणी सुटलं आणि ऑगस्टमध्ये उंदराने भाकरी खाल्ल्या, मासे तेवढे ठेवले. आता भाकरी लाकडाच्या चकत्यांच्या आहेत. वाटायला मात्र त्या दिवशी खरी भाकरी आणते. योहानात त्या जवाच्या म्हटल्या आहेत, आमच्याकडे ज्वारीच्या. पाच भाकरी २२ मुलांत पुरवायच्या तर तुकडे केवढे करायचे, हे मुलांनाच ठरवू द्या. शेवटी उरलेले तुकडे गोळा करायला टोपली विसरू नका.

पेटी म्हणून पुठ्ठ्यापेक्षा पत्र्याचा बिस्किटाचा डबा बरा. बाजेच्या खोक्यासाठी मोठा डबा किंवा जुनी ट्रंक. कापडात कडुलिंबाचा वाळका पाला ठेवा, कसर लागत नाही, आणि पावसाळ्यात महिन्यातून एकदा सगळं उन्हात काढा. कसर आणि जंग यांची तंबी मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, कथापेट्यांच्या बाबतीत ती अक्षरशः लागू पडते. झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक वस्तूभोवती पेन्सिल फिरवून तिचा आकार काढून ठेवा. आवरताना मुलं वस्तू त्या आकारावर ठेवतात, काय कमी आहे ते लगेच दिसतं आणि आवरणं हाही खेळ होतो.

आता तुटून पडण्याविषयी. यावर उपाय शिस्तीत कमी आणि तुमच्या हाताच्या गतीत जास्त आहे. जमिनीवर बसा. मुलं गोलात. डबा मांडीजवळ, झाकण लावलेला. एक वस्तू काढा, दोन्ही हातांत धरून तुम्हीच आधी नीट बघा, मग ठेवा. गोष्ट सांगताना नजर मुलांवर नको, वस्तूवर ठेवा. सुरुवातीला अवघड जातं, कारण आपल्याला वर्गावर डोळा ठेवायची सवय असते. पण तुम्ही बघाल तिथेच मुलं बघतात. कोकणातल्या पिंगुळीचे चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगणारे लोककलाकार, पोथीतलं चित्र समोर धरून गोष्ट सांगतात तेव्हाही लोकांचे डोळे चित्रावरच असतात, सांगणाऱ्यावर नाही. मी सांगते तेव्हा वस्तूंना फक्त माझा हात लागतो. संपली की तीन डबे तीन कोपऱ्यांत आणि सात-आठ मुलं एकेका डब्याशी. म्हणून मे महिन्यासाठी एकच मोठी पेटी करू नका, बाजेच्याच तीन करा. पहिल्या दिवशी सगळ्यांना एकच गोष्ट, दुसऱ्या दिवशी दुसरी.

ही पद्धत माझ्या डोक्यातून आलेली नाही, हे सांगायला हवं. मारिया माँटेसरींच्या पद्धतीवरून सोफिया काव्हालेत्तींनी रोममध्ये १९५४ साली मुलांसाठी हाताळायच्या वस्तूंतून धर्मशिक्षण सुरू केलं, त्यातून पुढे अमेरिकेत जेरोम बेरीमन यांनी कथाकथनाची पद्धत बांधली. गोष्टीनंतरचे शांत प्रश्न मी तिथून घेतले. पण वस्तू कुठून आणायच्या हे मला आपल्याकडच्याच बायकांनी शिकवलं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, नंतर ते कोसबाडला गेलं, अनुताई वाघ सोबत. महागडी माँटेसरी साधनं परवडणार नव्हती म्हणून त्यांनी बिया, शंख-शिंपले, पानं, माती अशा आसपास मिळणाऱ्या गोष्टींवर बालवाड्या चालवल्या. माझे चिंचोके थेट तिथले. आणि कानाने ऐकायच्या गोष्टीचं म्हणाल तर, इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, सुमारे ११,००० ओव्या, मोठ्याने म्हणायच्या. तेव्हा वस्तू हाती घेतल्या म्हणून भाषेकडे दुर्लक्ष नको. गोष्ट पाठ करा, कागद हातात नको, आणि बोली तुमच्या मुलांची ठेवा.

शेवटचे प्रश्न दोनच पुरतात. यात तुला सगळ्यात काय आवडलं? आणि, तू असतास किंवा असतीस तर यात कुठे उभी राहिली असतीस? उत्तर बरोबर-चूक ठरवायचं नाही. संडे स्कूलच्या मुलांना कुठल्याही प्रश्नाचं उत्तर "येशू" असं द्यायची सवय असते, खारीचं वर्णन करून कोण ते विचारलं तरी हात वर करून "येशू!" म्हणतील. दुसऱ्या प्रश्नाला मात्र ते चालत नाही. एकदा उधळ्या पुत्राच्या गोष्टीनंतर एका मुलाने स्वतःची बाहुली डब्याच्या बाहेर, दाराशी, रागावून घरात न आलेल्या थोरल्या भावाशेजारी ठेवली. म्हणाला, "तो एकटाच आहे." मी त्यावर काही बोलले नाही.

रंगांचं पुस्तक वापरावं का, असं कोणीतरी तुम्हाला सुचवलं असेल, काळं, लाल, पांढरं, सोनेरी अशी कोरी रंगीत पानं असलेलं, रंगांवरून पाप आणि तारण शिकवणारं. मूळ इंग्लंडचे धर्मोपदेशक स्पर्जन यांनी १८६६ साली तीनच रंग सांगितले होते, सोनेरी रंग नंतर अमेरिकेचे धर्मोपदेशक मूडी यांनी घातला. बनवायला सगळ्यात स्वस्त, पण मी वापरत नाही. काळं म्हणजे पाप आणि पांढरं म्हणजे शुद्ध हे सावळ्या मुलांच्या वर्गात, जिथे "काळू" ही हाक रोज मारली जाते, मला सांगवत नाही.

वस्तीतल्या मुलांविषयी माझं मत थोडं कडक आहे. आई-वडिलांना आधी भेटा, डबा उघडून दाखवा, कोणती गोष्ट सांगणार ते सांगा. ते "हो" म्हणाले तरच मूल बसेल. खाऊ सगळ्यांना सारखा, गोष्ट ऐकली म्हणून वेगळा नाही. गोष्ट येशूची आहे हे लपवायचं नाही, आणि मुलाकडून काही कबूल करून घ्यायचं नाही. आणि हे डबे शाळेत किंवा अंगणवाडीत नेऊ नका, कोणी आग्रह केला तरी. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. कायदा नसता तरी मी नेले नसते.

वर्ग मोठा झाला, चाळीसच्या वर, तर जमिनीवरच्या वस्तू मागच्यांना दिसत नाहीत. तेव्हा फ्लॅनेलचा फळा काढा. लाकडी पाटीवर जुनी ब्लँकेट ताणून लावा, चित्रांच्या मागे पॉलिश पेपरचे तुकडे चिकटवा, लोकरीला ते धरून राहतात. पंखा मात्र बंद.

डबे घरी द्यावेत का? द्या. दर रविवारी एका मुलाला, आठवडाभर. कापडी पिशवीत, आत वस्तूंची यादी, वर मुलाचं नाव. हरवतील थोड्या वस्तू, म्हणून जास्तीच्या करून ठेवा. चिंचोक्यांचा डबा मी पहिल्यांदा घरी पाठवला तेव्हा तो १०१ घेऊन परत आला. आजीबरोबर मोजताना ९९च भरले, मग त्या मुलीने घरच्या चिंचेतला एक घातला, आणि दुसऱ्या दिवशी पलंगाखाली आणखी एक सापडला. आता तो डबा तसाच आहे. वर्गाआधी एक लपवताना मी दोन काढते, हे मुलांना अजून कळलेलं नाही.